पोप सहावा आद्रियान

रोमच्या गादीवर बसलेले सर्व पोप एकाच सांच्यांतून ओतलेले, असें आमच्या खेड्यांतील पुष्कळ बंधूंस वाटतें. परंतु ज्या धर्मशिक्षणांत मनुष्य वाढतो, तें गादीपर्यंत त्याच्याबरोबर जातें.

आद्रियानाचा जन्म १४५९ सालीं उत्रेख्त नगरांत एका सुताराच्या घरीं झाला. त्या देशांत समाईक जीवनाचे बंधु ह्या नांवाचें एक भक्तमंडळ असे. प्रार्थना, शास्त्राचें मनन व साधी राहणी हा त्यांचा क्रम. त्यांच्याच हाताखालीं तो वाढला. पुढें लूव्हेन येथें धर्मशास्त्राचा अध्यापक असतां पोपहि श्रद्धेच्या बाबतींत चुकूं शकतो असें त्यानें शिकविलें. तो पोप झाल्यावर ग्रंथ पुनः छापला, तेव्हांहि तो मजकूर तसाच राहिला! बादशहा पांचवा चार्ल्स हा बाळपणीं त्याचा शिष्य होता.

त्याच्या पूर्वीचा पोप दहावा लिओ हा मेडिची घराण्यांतला. विद्या, चित्रें व मेजवान्या ह्यांत रमणारा. ९ जानेवारी १५२२ रोजीं आद्रियान निवडला गेला, तेव्हां तो स्पेनांत होता. रोमेस येतांच त्यानें दरबारी खर्च तोडला. घरकामास स्वदेशची एक म्हातारी बाई ठेविली. शहरास हा कंटाळवाणा वाटला.

३ जानेवारी १५२३ रोजीं न्यूरेंबर्गच्या सभेंत त्याच्या वकिलानें त्याच्या वतीनें कबूल केलें कीं, मंडळींतील रोग पोपांपासूनच खालीं पसरला. अशी कबुली देण्यास धैर्य लागतें, आणि तें भक्तमंडळाच्या शिक्षणाचें फळ होय, असें आम्हांस वाटतें. परंतु त्याच निरोपांत लूथरावर बादशहाचा १५२१ चा हुकूम बजावण्याची मागणी होती. लूव्हेनच्या पंडितांनीं १५१९ सालींच लूथराचीं मतें दोषी ठरविलीं होतीं, व आद्रियानानें त्यांस संमति दिली होती. आचरण बिघडलें हें त्यास दिसलें. केवळ विश्वासानें नीतिमान ठरण्याची शिकवण मात्र त्याच्या पाठशाळेच्या चौकटींत बसेना. रोमी शेजाऱ्याशीं वाद करणाऱ्या आमच्या उपदेशकांनीं हा भेद ध्यानांत ठेवावा. त्याच्या प्रामाणिकपणाची थट्टा करूं नये. आम्हीहि एका सेमिनरींतूनच आलों आहों.

१४ सप्टेंबर १५२३ रोजीं तो वारला. रोमकरांनीं त्याच्या वैद्याच्या दारावर फुलांच्या माळा लाविल्या असें सांगतात. त्याच्या जागीं लिओचा चुलतभाऊ सातवा क्लेमेंट ह्या नांवानें बसला.