गाणे घराघरांत नेणारा गवई : पं. विष्णू दिगंबर पलुस्कर

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाजवळचे कुरुंदवाड हे एके काळचे छोटेसे संस्थान. तेथे 18 ऑगस्ट 1872 रोजी विष्णू दिगंबर पलुस्कर यांचा जन्म झाला. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते, त्यामुळे टाळ, मृदंग आणि अभंगांचे संस्कार घरातच लाभले. देवळाच्या सभामंडपात कोणीही यावे, बसावे आणि ऐकावे, ही कीर्तनाची रीत या मुलाने लहानपणापासून पाहिली होती. पुढे त्याने जे कार्य केले, त्याचे बीज कदाचित याच सभामंडपात रुजले असावे.

बालपणी दारूकामाच्या स्फोटात त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. दृष्टी अधू झाल्याने शालेय शिक्षण थांबले. उपचारांच्या निमित्ताने मिरजेस जाणे झाले आणि तेथे गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचे शिष्यत्व लाभले. बाळकृष्णबुवांनी अपार कष्ट सोसून ग्वाल्हेरची गायकी मिळवली होती आणि ती महाराष्ट्रात रुजवली होती. मिरजेच्या संस्थानिकांनी या गुणी मुलाला आश्रय दिला. गुरूची सेवा आणि पहाटेपासूनचा रियाज यांत विष्णूची उमेदीची वर्षे गेली.

त्या काळी उत्तम गवयालाही दरबारात मान मिळे तो आश्रिताचा. त्याच्या गळ्यावर माना डोलत, पण समाजात त्याला प्रतिष्ठेचे स्थान नसे. मिरजेत एका समारंभाचे निमंत्रण संस्थानिकांच्या मर्जीतील शिष्याला आले, परंतु त्याच्या गुरूंना ते केवळ गवई म्हणून आले नाही, अशी हकीकत सांगितली जाते. ज्याच्याकडून विद्या मिळाली त्याचाच हा अव्हेर तरुण विष्णूच्या मनाला लागला. संगीताला आणि संगीतकाराला समाजात मानाचे स्थान मिळवून द्यायचे, हा निश्चय याच सुमारास दृढ झाला.

1896 साली त्यांनी मिरज सोडली. सातारा, बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा अशी भ्रमंती सुरू झाली. बडोद्यास राजघराण्याकडून आदर मिळाला, पण दरबारी नोकरीत ते अडकले नाहीत. सौराष्ट्रात त्यांनी अल्प दराची तिकिटे लावून सर्वसामान्यांसाठी जाहीर कार्यक्रम केला. आज आपल्याला यात काही नवल वाटत नाही, परंतु त्या काळी अभिजात गाणे ऐकायचे तर दरबारात किंवा धनिकाच्या दिवाणखान्यात प्रवेश असावा लागे. दुकानदार, कारकून आणि शिक्षक यांनीही थोडे पैसे देऊन तोच राग, तोच ख्याल ऐकावा, ही कल्पनाच धाडसाची होती. गवयाची पोटापाण्याची चिंता राजाऐवजी श्रोत्यांनी वाहावी, हा विचार तिच्यामागे होता. मथुरेत त्यांनी ब्रज भाषेचा अभ्यास केला, कारण ज्यांच्यापुढे गायचे त्यांची भाषा आपल्याला यावी, हे त्यांनी ओळखले होते.

5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, परक्या भाषेच्या प्रांतात, हाती द्रव्य नसताना एका मराठी गवयाने शाळा काढावी, हे साहसच होते. बडोद्यात मौलाबक्ष यांनी 1886 मध्ये संगीतशाळा काढली होती, पण तिच्यामागे संस्थानचा आधार होता. पलुस्करांची भिस्त लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या मैफिलींच्या उत्पन्नावर होती. आरंभी विद्यार्थी फिरकेनात, तेव्हा ते तानपुरा घेऊन रिकाम्या वर्गातच गात बसत, असे त्यांच्या चरित्रात वाचायला मिळते. हळूहळू लोक येऊ लागले. भल्या घरच्या मुलांनी गाणे शिकू नये, हा समज ढळू लागला.

या विद्यालयात ठरावीक अभ्यासक्रम होता, वेळापत्रक होते आणि परीक्षा होत्या. स्वरलेखनाची स्वतंत्र पद्धती पलुस्करांनी सिद्ध केली आणि तिच्या आधारे क्रमिक पुस्तके लिहिली. ती छापण्यासाठी छापखाना काढला, वाद्यांच्या दुरुस्तीचीही सोय केली. जी विद्या गुरूच्या मर्जीवर, वर्षानुवर्षांच्या सेवेनंतर मिळायची, ती आता फी भरून, घड्याळाच्या तासाप्रमाणे शिकता येऊ लागली. स्त्रियांनाही येथे संगीताचे शिक्षण मिळू लागले. उपदेशक वर्गातील विद्यार्थी मात्र गुरूजवळच राहत. त्यांच्या निवासाचा व शिक्षणाचा भार गुरू उचलत आणि शिक्षण पुरे झाल्यावर या विद्यार्थ्यांनी देशभर संगीताचा प्रसार करावा, अशी योजना होती. नव्या शाळेची शिस्त आणि जुन्या गुरुकुलाची निष्ठा यांचा हा मेळ होता.

1908 साली त्यांनी मुंबईत विद्यालय सुरू केले. विद्यार्थी वाढले, भव्य इमारत उभारली गेली, पण तिच्यासाठी मोठे कर्जही झाले. कर्ज फेडण्यासाठी पलुस्कर गावोगाव मैफिली करीत हिंडत राहिले. गळा थकला, तरी व्याज थांबले नाही. अखेरीस विद्यालयाची वास्तू लिलावात गेली. संस्था चालवणाऱ्या कोणालाही हा प्रसंग वाचताना गलबलून येईल. वर्गांत मुले मावत नाहीत आणि तिजोरीत काही उरत नाही, ही स्थिती ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या दुःखाची खोली समजेल.

पलुस्कर मात्र कडवट झाले नाहीत. रामभक्तीकडे त्यांचा ओढा आधीपासूनच होता; आता ते पुरते रामनामात रमले. त्यांनी नाशिकला आश्रम स्थापन केला आणि शिष्यांसह तेथे राहू लागले. जनसमुदायापुढे गाण्याचे व्रतही त्यांनी सोडले नाही. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात. 1923 च्या काकिनाडा अधिवेशनात या गायनास व्यासपीठावरून आक्षेप घेण्यात आला, तरीही त्यांनी गीत पूर्ण म्हटले. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात राहिले, तेथील प्रार्थनेला त्यांनी स्वर दिला आणि 1930 च्या दांडीयात्रेतही ते सहभागी झाले. रघुपती राघव या धुनीची आज घरोघरी पोहोचलेली चाल पलुस्करांच्या नावाने ओळखली जाते.

त्यांच्या कार्यावर टीकाही झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. बंदिशींतील शृंगाराचे शब्द बाजूला सारून त्यांनी भक्तिपर रचनांवर भर दिला, त्यामुळे परंपरेतील काही रंग फिके झाले, असे जाणकार म्हणतात. त्यांचे ज्येष्ठ समकालीन पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांतील बंदिशी गोळा करून संगीताला शास्त्राचा पाया दिला. दोघांच्या स्वरलेखनपद्धती वेगळ्या, दृष्टीही वेगळी. शाळेतून थोर गवई घडत नाहीत, हा आक्षेपही पलुस्करांना ऐकावा लागला. परंतु प्रत्येक विद्यार्थी तानसेन व्हावा, हे त्यांचे उद्दिष्टच नव्हते. कान तयार असलेला, गाण्याची कदर करणारा समाज घडला, तर कलावंत आपोआप जगेल, अशी त्यांची धारणा होती.

21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या अनेक अपत्यांपैकी दत्तात्रेय हा एकच पुत्र तेव्हा हयात होता, तोही दहा वर्षांचा. पुढे पं. द. वि. पलुस्कर म्हणून त्याने रसिकांना वेड लावले आणि 1955 साली ऐन तारुण्यात तो गेला. वडिलांची वास्तू त्याच्या वाट्याला आली नाही, गाणे मात्र गुरुबंधूंच्या हातून आले. याच शिष्यांनी 1931 मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात, बा. र. देवधरांनी मुंबईत विद्यालये चालवली, तर ओंकारनाथ ठाकूर यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे अध्यापन उभे केले. गहाण पडलेली इमारत गेली, पण तिच्यात शिकलेली माणसे देशभर पसरली होती.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकांनी प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही नावे ऐकली असतील, काहींनी त्या परीक्षा दिल्याही असतील. पालकांनी आपल्या पाल्याला पेटी किंवा तबल्याच्या शिकवणीला पाठवताना समाज काय म्हणेल, हा विचारही केला नसेल. ही निश्चिंती आपल्याला त्या अधू दृष्टीच्या गवयाने मिळवून दिली आहे.

महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालवणे म्हणजे काय, हे या स्मरणिकेचे वाचक जाणतात. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत बाके भरतील का, ही काळजी असते. लाहोरच्या त्या रिकाम्या वर्गात तानपुरा लावून बसलेल्या पलुस्करांना हीच काळजी होती. विद्यार्थी येण्याआधी त्यांनी स्वर लावला होता. म्हणून हीरक महोत्सवाच्या या वर्षी आपल्या संगीताच्या तासाला, गॅदरिंगला, गणेशोत्सवात गाणाऱ्या गावातल्या कलावंताला आपण श्रोते म्हणून लाभावे, एवढी विनंती सर्व माजी विद्यार्थ्यांना व पालकांना करावीशी वाटते. पुढच्या रांगेत बसून मन लावून ऐकणारा माणूसही ती परंपरा चालवतच असतो.