वडिलांची अट आणि मुलाचं फिजिक्स : डॉ. होमी भाभा

बारावी सायन्सचा निकाल लागला की भिवंडीच्या घराघरांत एकच हिशेब सुरू होतो. मेडिकल, नाहीतर इंजिनिअरिंग, तेही जमलं नाही तर फार्मसी. अशा वेळी मुलाने किंवा मुलीने आपल्याला फिजिक्स शिकायचंय असं सांगितलं, तर घरात शांतता पसरते. मग अब्बा विचारतात की ते शिकून पुढे काय करणार? हा सवाल चुकीचा नाही. लूमवर बारा-बारा तास उभं राहून ज्यांनी फी भरली, त्यांना तो विचारायचा हक्कच आहे. जवळपास शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या एका सुखवस्तू पारशी घरातही हाच सवाल उभा राहिला होता. त्या घरातला मुलगा म्हणजे होमी जहांगीर भाभा.

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. वडील जहांगीर भाभा कायद्याचे पदवीधर. आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. घरात पुस्तकं, संगीत आणि चित्रकला यांचं वातावरण होतं. कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स इथे शिकून १९२७ मध्ये होमी केंब्रिजला गेले. घरच्यांनी पुढचं सगळं ठरवलेलं होतं. मुलाने मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं, परत यायचं आणि जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर बसायचं.

पण केंब्रिजमध्ये त्या काळी फिजिक्सचा चेहरामोहराच बदलत होता. अणूच्या आत काय चाललंय, याचा शोध तिथे रोज पुढे सरकत होता. होमींचं मन इंजिनिअरिंगमधून उडालं. १९२८ मध्ये त्यांनी वडिलांना पत्र लिहून साफ कळवलं की आपला पिंड फिजिक्सचा आहे आणि आपल्याला तेच करायचंय. वडील नाराज झाले, पण त्यांनी दार बंद केलं नाही. त्यांनी एक अट घातली. आधी इंजिनिअरिंग फर्स्ट क्लासमध्ये पूर्ण कर, मग आणखी दोन वर्षं गणित शिकायचा खर्च मी देतो. मुलाने अट मानली. १९३० मध्ये इंजिनिअरिंगला फर्स्ट क्लास आला आणि १९३२ मध्ये गणितालाही. १९३५ मध्ये पीएच.डी. मिळाली.

अवकाशातून पृथ्वीकडे सतत अतिवेगवान कण येत असतात. ते हवेवर आदळले की एका कणातून अनेक, त्यातून आणखी अनेक, असा कणांचा पाऊस पडतो. हा पाऊस कसा तयार होतो, याचं गणित भाभा आणि हाइटलर यांनी १९३७ मध्ये मांडलं. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीला तर आजही भाभांचंच नाव आहे.

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि महायुद्ध पेटलं. परत जाता आलं नाही. मग बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, जिथे सर सी. व्ही. रामन होते, ते शिकवू लागले. तिथून मार्च १९४४ मध्ये त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं. उद्या अणुशक्तीचा वापर सुरू होईल तेव्हा देशाला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, ते इथेच तयार झालेले असावेत, असा त्याचा आशय होता. हिरोशिमाच्या जवळपास दीड वर्ष आधीची ही गोष्ट! त्या पत्रातूनच १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, भारताची पहिली अणुभट्टी अप्सरा सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिथे ट्रेनिंग स्कूल निघालं. फिजिक्स, केमिस्ट्री आणि इंजिनिअरिंगच्या पदवीधरांना निवडून, स्टायपेंड देऊन तिथे शास्त्रज्ञ घडवले जाऊ लागले.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला जाताना आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर त्यांचं विमान कोसळलं. ते अवघे ५६ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचं नाव देण्यात आलं.

या आयुष्यातून पालकांनी घ्यायचं काय? फिजिक्स म्हणजे फॉर्म्युले पाठ करणं नव्हे. मोजायचं, हिशेब मांडायचा आणि हिशेब प्रयोगाशी जुळला नाही तर आपला विचार बदलायचा, ही सवय म्हणजे फिजिक्सची तालीम. ती ज्याला लागली, तो एका कामापुरता उरत नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलचं उदाहरण घ्या. तिथे कॅन्सरच्या पेशंटला शेक देताना किरणांचा डोस किती आणि नेमका कुठे, हा हिशेब करणारा माणूस डॉक्टर नसतो, तो मेडिकल फिजिसिस्ट असतो. त्यासाठी एम.एस्सी. फिजिक्सनंतर भाभा केंद्राचाच रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा करता येतो.

भाभांच्या मागे टाटांचं घराणं होतं, आपल्या मागे नाही, हेही खरं. पण त्यांनी उभ्या केलेल्या संस्थांत शिरायला खानदान लागत नाही, प्रवेश परीक्षा लागते. बारावीनंतर नेस्ट परीक्षा देऊन कालिन्याच्या मूलभूत विज्ञान केंद्रात पाच वर्षांचा एम.एस्सी. करता येतो. बी.एस्सी.नंतर जॅम परीक्षेतून आयआयटीत एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. टाटा संस्थेत पीएच.डी. करणाऱ्याला फेलोशिप मिळते. ट्रॉम्बेचं ट्रेनिंग स्कूलही चालू आहे.

म्हणून घरात मुलगा किंवा मुलगी फिजिक्सचं नाव काढेल, तेव्हा जहांगीर भाभांसारखी अट जरूर घाला. फर्स्ट क्लास हवा, गणित पक्कं हवं, प्रवेश परीक्षेची तयारी पहिल्या वर्षापासून हवी. आणि मुलांनी अट पूर्ण केली, तर आपण दिलेला शब्दही पाळा.