नागपूरच्या विधानसभेतील सुभद्राकुमारी

झाशीच्या राणीवरील कवितेने सुभद्राकुमारी चौहान यांचे नाव भारतभर पोहोचवले. मराठी घराण्यात जन्मलेल्या राणीची शौर्यगाथा हिंदी भाषकांच्या घरोघरी नेणारी ही कवयित्री जबलपूरची रहिवासी होती, हे अनेकांना माहीत असते. परंतु त्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेच्या सदस्या होत्या, आणि लोकप्रतिनिधी म्हणून केलेल्या एका प्रवासातच त्यांचा अंत झाला, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

सुभद्राकुमारींचा जन्म १६ ऑगस्ट १९०४ रोजी अलाहाबादजवळच्या निहालपूर या गावी झाला. अलाहाबादच्या शाळेत पुढे थोर कवयित्री म्हणून गाजलेल्या महादेवी वर्मा त्यांच्या मागच्या वर्गात होत्या. दोघींची मैत्री जन्मभर टिकली. १९१९ मध्ये खांडव्याच्या ठाकूर लक्ष्मणसिंह चौहान यांच्याशी सुभद्राकुमारींचा विवाह झाला आणि काही काळातच हे दांपत्य जबलपूरला स्थायिक झाले. तेथे माखनलाल चतुर्वेदी ‘कर्मवीर’ हे पत्र चालवीत होते. लक्ष्मणसिंह त्या पत्रात काम करू लागले. असहकाराच्या चळवळीत दोघांनीही स्वतःला झोकून दिले. १९२३ च्या मार्चमध्ये जबलपूरच्या नगरभवनावर राष्ट्रध्वज फडकला आणि तेथून पेटलेला झेंडा सत्याग्रह नागपूरला पोहोचला. त्या सत्याग्रहात अटक करवून घेणाऱ्या सुभद्राकुमारी या पहिल्या महिला होत्या. त्या वेळी त्यांचे वय अवघे १८ वर्षांचे होते.

देशकार्याला वाहून घेतलेल्या या संसारात पैशाची चणचण कायमची होती. लक्ष्मणसिंह वकील होते, पण चळवळ आणि तुरुंगवास यांमुळे वकिलीत त्यांचा जम बसणे कठीण होते. पदरी पाच मुले होती. सुभद्राकुमारींनी कथालेखनाकडे वळण्याचे एक कारण अगदी व्यावहारिक होते. त्या काळी संपादक कवितेसाठी मानधन देत नसत. गद्याला मात्र थोडेफार पैसे मिळत. ‘मुकुल’ हा कवितासंग्रह १९३० साली आणि ‘बिखरे मोती’ हा कथासंग्रह १९३२ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही पुस्तकांना हिंदी साहित्य संमेलनाचा सेकसरिया पुरस्कार लाभला. घरखर्चाच्या गरजेपोटी लिहिलेल्या या कथांत त्या काळच्या स्त्रियांची जी दुःखे उतरली, ती कोणत्याही सरकारी अहवालात सापडणार नाहीत.

१९३५ च्या कायद्यानुसार प्रांतिक विधानसभांच्या निवडणुका जाहीर झाल्या, तेव्हा जबलपूरमधून सुभद्राकुमारी बिनविरोध निवडून आल्या. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेत ११२ जागा होत्या. त्यांपैकी स्त्रियांसाठी राखीव जागा केवळ ३ होत्या. प्रांताची राजधानी नागपूर होती. सभागृहात एका बाजूला महाकोशलचे हिंदी भाषक सदस्य, तर दुसऱ्या बाजूला नागपूर-वऱ्हाडचे मराठी भाषक सदस्य बसत. नागपूरच्या अनसूयाबाई काळे या सभागृहाच्या उपाध्यक्ष झाल्या. मतदानाचा हक्क मात्र मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांवर अवलंबून होता. ज्यांच्यासाठी कायदे व्हायचे, त्यांतल्या बहुतेकांना मतच नव्हते.

काळ मोठा कठीण होता. १९२९ मध्ये सुरू झालेल्या जागतिक मंदीने वऱ्हाडातील कापसाचे आणि नर्मदेच्या खोऱ्यातील गव्हाचे भाव कोसळले होते. पिकाचा भाव उतरला, पण सावकाराचे कर्ज आणि जमिनीचा सारा कमी झाला नाही. १९३७ साली सत्तेवर आलेल्या काँग्रेसच्या मंत्रिमंडळापुढे त्यामुळे एक बिकट पेच उभा राहिला. निवडणुकीत दिलेली वचने पाळायची, तर पैसा हवा आणि तिजोरी तर मंदीने क्षीण झालेली. त्यातच दारूबंदीचे वचन दिलेले होते. दारूवरील कर हे प्रांताच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. गरिबाचा संसार दारूपासून वाचवावा, तर शाळांसाठी लागणारा पैसा आटतो. शाळांसाठी पैसा उभारावा, तर तो दारूच्या दुकानातून घ्यावा लागतो. सुभद्राकुमारी ज्या बाकांवर बसत, त्या बाकांवरील प्रत्येकाला हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. घरात दर महिन्याला असाच हिशेब मांडणाऱ्या स्त्रीला तो इतरांपेक्षा अधिक चांगला कळत असणार, यात शंका नाही.

सभागृहाने अखेर पाऊल उचलले. १९३८ मध्ये दारूबंदीचा कायदा झाला आणि निवडक भागांत ती लागू करण्यात आली. शाळांसाठी शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी ‘विद्यामंदिर’ ही योजना मांडली. गावकऱ्यांनी शेतजमीन दान द्यावी आणि तिच्या उत्पन्नातून शिक्षकाचा पगार व शाळेचा खर्च भागवावा, अशी ती कल्पना होती. तिच्या नावावरून मोठा वाद झाला आणि अशा शाळाही थोड्याच गावांत निघाल्या. तरीही रिकाम्या तिजोरीच्या प्रांताने शिक्षणासाठी काढलेली ती वाट होती. १९३९ साली कर्जनिवारणाचा कायदा संमत झाला. शेतकऱ्याचे कर्ज तपासून ते कमी करण्याची आणि हप्ते बांधून देण्याची सोय त्यात होती. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. भारतीयांना न विचारता देशाला युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि सभागृहाचे काम थांबले.

१९४२ च्या आंदोलनात चौहान दांपत्य पुन्हा तुरुंगात गेले. अशा वेळी लहान मुलांना बरोबर घेऊन आत जायचे आणि मोठ्यांना बाहेर आपापले पाहायला सोडायचे, हा या घरचा शिरस्ताच झाला होता. तुरुंगातील एका मुक्कामात लहानगी मुलगी भुकेने रडू लागली. जवळ देण्यासारखे काही नव्हते. सुभद्राकुमारींनी तूर दळणाऱ्या स्त्री-कैद्यांकडून थोडीशी डाळ मागून घेतली, ती तव्यावर भाजली आणि मुलीला खाऊ घातली.

१९४६ मध्ये त्या पुन्हा विधानसभेवर निवडून आल्या. आता मंदीऐवजी महागाई होती. युद्धाने धान्य आणि कापड दुर्मिळ केले होते. शहरांत शिधापत्रिकेवर धान्य मिळत होते. उत्पन्नाचे नवे साधन म्हणून १९४७ साली या विधानसभेने विक्रीकराचा कायदा केला. घरातील वागण्यातही सुभद्राकुमारींनी आपली मते बाजूला ठेवली नाहीत. थोरली मुलगी सुधा हिचा विवाह प्रेमचंदांचे पुत्र अमृतराय यांच्याशी झाला. तो आंतरजातीय होता. कन्यादानाचा विधी करण्यास सुभद्राकुमारींनी नकार दिला, कारण एका माणसाने दुसऱ्या माणसाचे दान करावे हे त्यांना मान्य नव्हते.

१२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थी जबलपूरजवळ नर्मदेत विसर्जित झाल्या. संपन्न घरांतील स्त्रिया मोटारींनी घाटावर गेल्या. सुभद्राकुमारी शेकडो हरिजन स्त्रियांबरोबर काही मैल पायी चालत तेथे पोहोचल्या. सभेच्या आवारात या स्त्रियांना प्रवेश नाकारण्यात आला. विधानसभेच्या सदस्येला कोणी अडवले नसते. पण बरोबरच्या स्त्रियांना आत घेतल्याशिवाय आपण पाऊल टाकणार नाही, असे त्यांनी ठरवले. अखेर ती मागणी मान्य करावी लागली आणि मगच त्या आत गेल्या.

दोनच दिवसांनी नागपूरला शिक्षण विभागाची बैठक होती. त्यांची प्रकृती ठीक नसल्याने डॉक्टरांनी रेल्वेऐवजी मोटारीने जाण्याचा सल्ला दिला. बैठक आटोपून १५ फेब्रुवारीला, वसंत पंचमीच्या दिवशी, त्या जबलपूरकडे परत निघाल्या. मोटार त्यांचा मुलगा चालवत होता. सिवनीजवळ रस्त्यात अचानक कोंबडीची पिले आडवी आली. त्यांना वाचवण्यासाठी सुभद्राकुमारींनी मुलाला घाईने सांगितले, मोटार वळली आणि रस्त्याकडेच्या झाडावर आदळली. त्यातच त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी त्या ४३ वर्षांच्या होत्या.

जबलपूरच्या नागरिकांनी वर्गणी गोळा करून नगरपालिकेच्या आवारात त्यांचा पुतळा उभारला. २७ नोव्हेंबर १९४९ रोजी त्याचे अनावरण झाले. त्यासाठी शाळेतील जुनी मैत्रीण महादेवी वर्मा अलाहाबादहून आल्या होत्या.