महाराणी येसूबाईसाहेब

पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा येथे आत वळले की थोड्याच अंतरावर वढू बुद्रुक लागते. छत्रपती संभाजी महाराजांचे अंत्यसंस्कार येथील ग्रामस्थांनी केले अशी परंपरा आहे आणि महाराजांची समाधीही येथेच आहे. फाल्गुन अमावास्येच्या पुण्यतिथीस दूरदूरची माणसे या मार्गाने जातात. दुसऱ्या दिवशी पाडवा असल्याने आम्हा कापड व्यापाऱ्यांच्या दुकानांत त्या वेळी गर्दी असते, आणि मोजमाप चालू असतानाच समाधीकडे निघालेल्या गिऱ्हाइकांशी महाराजांविषयी चार शब्द होतात. त्या बोलण्यात बलिदान असते, औरंगजेब असतो, कवी कलश असतात. ज्या मातेच्या संसारावर हा घाला पडला, त्या येसूबाईसाहेबांचे नाव मात्र क्वचितच निघते. या लेखनाचे प्रयोजन एवढेच.

येसूबाईसाहेब कोकणातील शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्के यांच्या कन्या. १६६१ साली शिवाजी महाराजांनी शृंगारपूर घेतले आणि तेथील सुर्व्यांचे कारभारी असलेले शिर्के स्वराज्यात आले. पुढे दोन्ही घराण्यांत साटेलोटे झाले. येसूबाई भोसल्यांच्या सूनबाई झाल्या आणि शिवाजी महाराजांच्या कन्या राजकुंवरबाई येसूबाईंचे बंधू गणोजी यांना दिल्या गेल्या. एकच स्त्री नणंद आणि तीच भावजय, असे दुहेरी नाते या विवाहांनी बांधले गेले.

या नात्यात वतनाचा काटा रुतला. शिर्क्यांना दाभोळची देशमुखी हवी होती. वंशपरंपरागत वतने द्यायची नाहीत, हे शिवाजी महाराजांचे धोरण होते आणि संभाजी महाराजांनी तेच चालविले. पिढीजात हक्कासाठी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात हे आपण आजही पाहतो, त्यामुळे शिर्क्यांची हाव समजू शकते. तिची किंमत मात्र बहिणीने मोजली. १६८८ मध्ये शिर्के आणि कवी कलश यांच्यात लढाई झाली, महाराज स्वतः शिर्क्यांवर चालून गेले आणि गणोजी मोगलांना मिळाले.

१ फेब्रुवारी १६८९ रोजी मुकर्रबखानाने संगमेश्वर येथे महाराजांना व कवी कलशांना पकडले. संगमेश्वर हा शृंगारपूरच्याच परिसरातला मुलूख, म्हणजे येसूबाईंच्या माहेरचा उंबरा. १६७८ साली त्यांची कन्या भवानीबाई तेथेच जन्मली होती. खानास वाट दाखविणारे गणोजीच होते, अशी समजूत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. अभ्यासकांचे यावर एकमत नाही, आणि शिर्के घराण्यातील मंडळींना हा आरोप मान्य नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. परंतु पती शत्रूच्या बेड्यांत आणि भाऊ त्याच शत्रूच्या छावणीत, एवढे तरी निर्विवाद आहे. ११ मार्च १६८९ रोजी महाराजांची हत्या झाली.

त्या वेळी येसूबाई रायगडावर होत्या. पदरी शाहू, वय पुरते सात वर्षेही नाही. महाराजांनी त्यांना कुलमुखत्यारी व स्वतंत्र शिक्का दिलेला होता. तेव्हा मुलास गादीवर बसवून त्याच्या नावे कारभार करणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. दीर राजाराम यांना नजरकैदेतून बाहेर काढून, महाराज अजून जिवंत असतानाच, फेब्रुवारी १६८९ मध्ये राज्यावर बसविण्यात आले.

हे राजाराम म्हणजे ज्यांना पुढे करून १६८० साली संभाजी महाराजांचे राज्य डावलण्याचा बेत झाला होता, तेच. त्या वेळी राजारामांच्या मातोश्री सोयराबाई यांचे सख्खे बंधू, सेनापती हंबीरराव मोहिते, यांनी बहिणीची बाजू न घेता संभाजी महाराजांची घेतली होती. एका राणीचा भाऊ बहिणीपेक्षा राज्य मोठे मानतो आणि दुसऱ्या राणीचा भाऊ शत्रूकडे जातो, हा विरोधाभास येसूबाईंना उमगला नसेल असे वाटत नाही. तरीही त्यांनी जुना हिशेब उकरला नाही. सर्वांनी एकाच गडावर अडकून पडू नये, राजाराम महाराजांनी बाहेर पडून लढावे आणि आपण बाळराजांसह रायगडी राहावे, असे ठरले. ५ एप्रिलला राजाराम महाराज गडाबाहेर पडले. येसूबाईंनी गड नोव्हेंबरपर्यंत राखला. ३ नोव्हेंबर १६८९ रोजी रायगड पडला आणि मायलेक मोगलांच्या कैदेत गेले.

छावणीत बादशहाच्या डेऱ्यांलगत गुलालबारात त्यांना ठेवण्यात आले. बादशहाची कन्या झीनतुन्निसा हिने शाहूराजांवर माया केली, हेही सांगितले पाहिजे. परक्या घरी मिळालेला जिव्हाळा लपविण्याचे कारण नाही. छावणी जिकडे हलेल तिकडे वर्षानुवर्षे फिरायचे आणि मुलाला आपला वंश विसरू द्यायचा नाही, हे त्या मातेचे काम होते.

इकडे जिंजीला वेढा पडला होता. बखरी सांगतात की १६९७ च्या अखेरीस राजाराम महाराजांना वेढ्यातून सोडविण्यास मोगलांकडील गणोजींनीच साहाय्य केले, पण दाभोळचे वतन पदरात पाडून घेऊन. ते वतन सोडून देणारे खंडो बल्लाळ चिटणीस हे, ज्या बाळाजी आवजींना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये देहदंड दिला, त्यांचे पुत्र. वडिलांच्या मृत्यूनंतर या मुलांना येसूबाईंनी आधार दिला होता, असेही परंपरा सांगते.

१७०७ च्या मार्चमध्ये औरंगजेब मरण पावला. मे महिन्यात शाहूराजे सुटले. मातोश्रींना मात्र ओलीस म्हणून दिल्लीस नेण्यात आले. मुलाच्या वाट्यास घरचीच लढाई आली. राजारामांच्या पत्नी ताराबाई यांनी त्यांचा हक्क नाकारला, ऑक्टोबरात खेड येथे लढाई झाली आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहूराजांचा राज्याभिषेक झाला. ज्या भाऊबंदकीला आपल्या हाताने फाटा दिला, तीच पुन्हा उभी राहिल्याचे येसूबाईंना बंदिवासात कळले असेल.

अखेरीस बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी सय्यद बंधूंशी करार करून दिल्ली गाठली. १७१९ मध्ये चौथाई-सरदेशमुखीच्या सनदांसोबत येसूबाईसाहेबांची सुटकाही झाली. ४ जुलै १७१९ रोजी त्या साताऱ्यास पोहोचल्या. रायगड सोडून २९ वर्षे ८ महिने लोटले होते. निरोप घेताना पंचवीस वर्षांचे असलेले शाहू महाराज आता सदतीस वर्षांचे छत्रपती होते. उर्वरित आयुष्य त्यांनी मुलाजवळ साताऱ्यातच घालविले. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुली येथे त्यांची समाधी आहे.