माहूरगडावरचे ढग खाली का कोसळत नाहीत? गणित मांडणारे जॉर्ज स्टोक्स कोण होते?

पावसाळ्यात माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला गेलात, तर ढग अंगाला लागून जातात. ढग म्हणजे पाण्याचे बारीक थेंब आणि पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड. मग ते कोसळत का नाहीत? याचे गणित १८५१ मध्ये प्रसिद्ध झाले. ते मांडणारे होते जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स.

कोण होते स्टोक्स?
त्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८१९ रोजी आयर्लंडमधील स्क्रीन या खेड्यात झाला. वडील धर्मगुरू होते. १८४१ मध्ये ते केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिले आले. १८४९ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, न्यूटन यांनी भूषवलेले ल्युकेशियन प्राध्यापकपद त्यांना मिळाले. ते त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले.

सुरुवात लंबकापासून का?
ब्रिटनमध्ये १८२४ च्या कायद्यानुसार, प्रमाण यार्ड हरवला तर तो सेकंदाच्या लंबकावरून पुन्हा बनवायचा होता. १८३४ मध्ये संसदेच्या आगीत तो यार्ड निकामी झाला. पण लंबकावर हवेचा किती परिणाम होतो, याच्या हिशेबात चुका निघाल्या आणि तो मार्ग सोडावा लागला. स्टोक्स यांनी हाच हिशेब नव्याने केला. झुलणाऱ्या गोळ्याचा वेग सतत बदलतो, त्यामुळे त्याला भोवतालची हवाही हलवावी लागते. शिवाय हवेचा चिकटपणा त्याला अडवतो.

ढगांशी संबंध काय?
याच शोधनिबंधात त्यांनी संथपणे पडणाऱ्या सूक्ष्म गोलाचा वेग काढला. व्यास दुप्पट झाला की वेग चौपट होतो. ०.०२ मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला जेमतेम सव्वा सेंटिमीटर उतरतो. वर चढणारी हलकी हवाही त्याला तोलून धरते.

पुढे काय झाले?
वेग कसाही बदलत असेल तर काय, हे बूसिनेस्क (१८८५) आणि बॅसेट (१८८८) यांनी सोडवले. कणावरचा विरोध त्या क्षणाच्या वेगावरच नव्हे, तर त्याच्या आधीच्या हालचालीवरही अवलंबून असतो, असे त्यातून दिसले. स्टोक्स यांचे निधन १ फेब्रुवारी १९०३ रोजी झाले.

आपल्याला याचे काय?
मराठवाड्यात २०१५ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. ढगात क्षार फवारायचे ते थेंब मोठे व्हावेत म्हणून. थेंब मोठा झाला, तरच तो जमिनीपर्यंत पोहोचतो. पावसाळ्यात पैनगंगेचे गढूळ पाणी भांड्यात ठेवले, की वाळू आधी बसते आणि बारीक गाळ उशिरा. तिथेही हाच नियम दिसतो.