दोन आठवड्यांची मुदत आणि रॉकेटची ठिणगी

१९१३ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात संशोधन करणारा तिशीचा एक तरुण आजारी होऊन वूस्टर गावी घरी परतला. निदान क्षयाचे होते. त्याच्या आईलाही हाच आजार होता. डॉक्टरांनी त्याला जेमतेम दोन आठवड्यांची मुदत दिली. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला तो १८८२ साली, म्हणजे या तरुणाच्या जन्मवर्षीच. पण त्या जंतूवरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, मिळायला १९४३ साल उजाडावे लागले. तोवर उपाय एवढेच : विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा.

हा तरुण मोकळ्या हवेत फिरू लागला आणि हळूहळू सावरला. त्याचे नाव रॉबर्ट गोडार्ड. पुढच्याच वर्षी त्यांना रॉकेटची दोन पेटंटे मिळाली. एक अनेक टप्प्यांच्या रॉकेटचे, दुसरे द्रव इंधनावर चालणाऱ्या रॉकेटचे.

दिवाळीतल्या बाणाला वात पेटवली की काम होते. पेट्रोल आणि द्रवरूप ऑक्सिजन मात्र एकत्र आले म्हणून आपोआप पेटत नाहीत. ठिणगी उशिरा मिळाली तर तोवर साचलेले इंधन एकदम भडकते आणि स्फोट होतो. म्हणजे इंधन यायच्या आधीच तिथे ज्योत हवी. आणि ती लावणारा माणूस जिवंत राहायला हवा.

१६ मार्च १९२६ रोजी ऑबर्न गावच्या शेतात गोडार्ड यांनी यावर साधाच तोडगा वापरला. इंजिनाच्या माथ्यावर पेटवणी बसवली होती. तिच्यात बंदुकीची दारू आणि आगकाड्यांचे गुल भरले होते. त्यांचे मदतनीस हेन्री सॅक्स यांनी काठीच्या टोकाला ब्लो टॉर्च बांधून ती पेटवली. रॉकेट लगेच हलले नाही. पत्नी एस्थर चित्रीकरण करत होत्या, पण रॉकेट जागचे हलण्याआधीच कॅमेऱ्याची चावी संपली. मग ते उडाले : अडीच सेकंद, ४१ फूट उंच. पडले कोबीच्या शेतात. द्रव इंधनावर उडालेले जगातले ते पहिले रॉकेट.

१९२९ च्या जुलैमधल्या चाचणीचा आवाज एवढा झाला की पोलीस धावून आले आणि मॅसॅच्युसेट्समध्ये उड्डाणांना मनाई झाली. १९३० साली गोडार्ड न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला गेले. मोकळे माळरान आणि कोरडी हवा. अशक्त फुप्फुसांनाही ती मानवणारी. इथे काठी गेली. सुमारे हजार फुटांवरच्या आडोशातून विजेच्या बटणांनी रॉकेट सोडले जाऊ लागले. त्या वर्षीच्या ३० डिसेंबरला एक रॉकेट २,००० फूट चढले.

क्षयातून वाचलेल्या गोडार्ड यांना सिगारची सवय होती. अखेर घशाच्या कर्करोगाने १० ऑगस्ट १९४५ रोजी बाल्टिमोरमध्ये त्यांचा मृत्यू झाला. डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीनंतर ते ३२ वर्षे जगले. त्यांच्या नावावरच्या २१४ पेटंटांपैकी १३१ एस्थर यांनी त्यांच्या पश्चात मिळवली.

आज हौशी मंडळी छोटी रॉकेटे उडवतात, तेव्हा तीच रॉसवेलची रीत पाळतात. मोटरमध्ये निक्रोमची बारीक तार असते, तिच्या टोकाला पेट घेणारा लेप. बटण दाबले की बॅटरीचा प्रवाह तारेतून जातो, तार तापते, लेप पेटतो. लहान मोटरसाठीही निदान १५ फूट दूर उभे राहायचे. रॉकेट सुटले नाही, तर आधी बॅटरी तोडायची आणि मिनिटभर जवळ जायचे नाही, असा नियम आहे.

हा शेवटचा नियम सर्वांत मोलाचा. विझला असे वाटलेला फटाका बघायला कुणी वाकते आणि तेवढ्यात तो उडतो. डोळ्याच्या पटलावर गेलेली ती ठिणगी आयुष्यभराची दृष्टी घेऊन जाऊ शकते. तशी वेळ आलीच, तर डोळा चोळू नये, त्यात घरगुती औषध घालू नये. न दाबता झाकून थेट नेत्रतज्ज्ञाकडे जावे.