केडगावच्या माळावरचे स्वप्न : पंडिता रमाबाई

नात्याच्या शाळेत शिकलेल्या आपणा सर्वांना मोठ्या स्वप्नाचे उदाहरण लांब जाऊन शोधावे लागत नाही. सर चिंतामणराव देशमुख १८९६ साली याच गावात जन्मले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री झाले. त्यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली. आज मात्र मला एका अशा बाईंविषयी लिहायचे आहे, ज्यांना धड गाव नव्हते, शाळा नव्हती आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी कुंकूही उरले नाही. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्याच रांगेत पण खाली कर्नाटकात, गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे निष्ठावंत वैदिक ब्राह्मण. त्यांचे गुरू पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकवीत, ते पाहून आपल्या पत्नीनेही शिकावे असे त्यांनी मनात घेतले. त्यापायी शास्त्री-पंडितांचा रोष पत्करला, पण हट्ट सोडला नाही. त्या आईने, लक्ष्मीबाईंनी, पहाटे उठवून रमेला संस्कृत शिकवले. घरदार नसलेले हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरे. १८७० नंतरच्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. उरलेली भावंडे, रमा आणि श्रीनिवास, हजारो मैल पायी फिरली. पंजाबात झेलमच्या काठी अंगावर पांघरूण नसल्याने वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत वाळू ओढून त्यांनी थंडीच्या रात्री काढल्या.

१८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण सुख टिकले नाही. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. मुलगी मनोरमा दहा महिन्यांची असताना, १८८२ च्या फेब्रुवारीत, पटकीने पतीही गेले.

लहान मुलीला घेऊन त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला. हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात अशी मागणी केली. स्वतः डॉक्टर व्हावे हे त्यांचे स्वप्न होते. ‘स्त्री धर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा करून १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंड गाठले. तिथे ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा मार्ग बंद झाला.

इथून त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. वाँटेज येथील जोगिणींच्या मठात त्या राहत होत्या. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना त्या जोगिणी जवळ करतात, सांभाळतात, हे त्यांनी पाहिले. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईशी येशू बोलतो, ती कथा त्यांच्या मनाला भिडली. पतित म्हणून कोणी कायमचे बाहेर नाही, ही गोष्ट त्यांना त्यात सापडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मुलीसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण नवा धर्म घेतला म्हणून त्यांनी बुद्धी गहाण टाकली नाही. चर्चमधील वडीलधाऱ्यांशी त्यांचे मतभेद झाले. मी काय मानावे हे माझी सदसद्विवेकबुद्धी ठरवील, दुसरे कोणी नाही, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत राहिली.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथे हिंदू विधवांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली, निधी जमवला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्याला नेले. तिथे शिकलेल्या पहिल्या मुलींत आपल्या कोकणातली, देवरुखची गोदूबाई होती. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी विवाह केला. ती हिंदूच राहिली. कर्व्यांच्या पुढच्या सगळ्या कार्यात तिचा वाटा होता.

त्याच वर्षी वादळ उठले. सदनात धर्मशिक्षण देणार नाही, असे रमाबाईंनी कबूल केले होते. मात्र स्वतःची प्रार्थना त्या दार उघडे ठेवून करीत आणि काही मुली येऊन बसत. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक दूर झाले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. पालकांची भीती खोटी नव्हती, तशी रमाबाईंची तळमळही खोटी नव्हती. पण घरी परत गेलेल्या मुलींची पाटी मात्र सुटली.

रमाबाई खचल्या नाहीत. पुण्याहून दौंडच्या वाटेवर केडगावला त्यांनी माळरान घेतले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. स्वतः उपाशी वणवण केलेली असल्याने भुकेल्या मुलींचे चेहरे त्यांना अनोळखी नव्हते. त्यांनी शेकडो मुली, बायका आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांवर माणसे होती. शेती, विणकाम, गुरे, छापखाना, सगळे बायकांच्या हाती. अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवले.

अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणले. मुक्तीतल्या बायकांनीच त्याचे खिळे जुळवले. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमाबाई गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला. ते बायबल छापून पूर्ण झाले १९२४ मध्ये.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेकांचा धर्म रमाबाईंचा नाही. त्यांचे सगळेच आपल्याला पटेल असेही नाही. पण श्रद्धेने त्यांना काय दिले, ते पाहण्यासारखे आहे. डॉक्टर होण्याचे स्वप्न मोडले तेव्हा त्या श्रद्धेने त्यांना दुसरे, अधिक मोठे स्वप्न दिले, आणि आपली माणसे सोडून गेली तेव्हा त्यावर टिकून राहण्याचे बळ दिले.

वरंध घाट चढून भोरवरून पुण्याला गेले की केडगाव तिथून फार दूर नाही. जमल्यास एकदा जाऊन या. आणि या मेळाव्याला आलेल्या मैत्रिणींकडे पाहताना, ज्यांची शाळा सातवी-आठवीतच सुटली, लग्न झाले आणि ज्यांची नावे आज आपल्या यादीत नाहीत, त्यांचीही आठवण ठेवूया. त्यांच्या लेकीसुना आज शिकू पाहत आहेत. त्यांपैकी एकीची फी भरणे, एकीच्या घरी जाऊन वडिलांशी बोलणे, एवढे तर आपल्या हातात आहे. गुरुजनांनी आपल्याला जे दिले, त्याची थोडी उतराई त्यातूनच होईल.